प्रक्रिया-नियंत्रकाद्वारे वस्तुमान प्रवाहाची गणना : तत्त्व, कॉन्फिगरेशन आणि पडताळणी

प्रस्तावना

वाफ, संपीडित हवा, इंधन वायू आणि नायट्रोजन यांचा वापर कारखान्यांत अखंड सुरू असतो. या पदार्थांचा हिशेब ठेवताना नळीतून किती घनमीटर गेले यापेक्षा किती किलोग्रॅम गेले हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. इंधन जळण्यासाठी किती हवा लागेल, वाफेतून किती उष्णता मिळेल, रासायनिक क्रियेसाठी किती वायू सोडावा लागेल, ही सर्व गणिते वस्तुमानावर उभी असतात. वायूचे आकारमान दाब आणि तापमान यांच्याबरोबर बदलते. वस्तुमान मात्र तेवढेच राहते.

अडचण अशी की, नळीवर बसविलेली बहुतेक प्रवाहमापके वस्तुमान थेट मोजत नाहीत. कोणी दाबातील फरक मोजते, तर कोणी वेग मोजते. कोरिओलिस तत्त्वावर चालणारे मापक वस्तुमान थेट देते. परंतु मोठ्या व्यासाच्या वाफेच्या नळ्यांवर त्याचा वापर खर्चाच्या आणि दाबऱ्हासाच्या दृष्टीने सहसा परवडत नाही. म्हणून दाबफरक, दाब आणि तापमान हे तीन संकेत एका प्रक्रिया-नियंत्रकात, म्हणजेच प्रचलित भाषेत कंट्रोलरमध्ये, घेऊन त्यावरून वस्तुमान प्रवाह काढण्याची पद्धत रूढ आहे.

या आकड्यावर बरेच काही अवलंबून असते. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातील साखर कारखान्यांचे उदाहरण घेता येईल. तेथे बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वाफ तयार करतात. ती वाफ टर्बाइन फिरविते आणि पुढे रस आटविण्यासाठी वापरली जाते. बॉयलरची कार्यक्षमता किती आणि कोणत्या विभागाने किती वाफ वापरली, याचा निवाडा प्रवाहमापकाच्या आकड्यावरूनच होतो. तो आकडा चुकीचा असेल तर त्यावर आधारलेले सर्व निष्कर्षही चुकतात. प्रस्तुत लेखात या गणनेमागील तत्त्व, कंट्रोलरमधील तिचे कॉन्फिगरेशन, नेहमी घडणाऱ्या चुका आणि त्या ओळखण्याची रीत यांचा विचार केला आहे.

मूळ तत्त्व

नळीतील प्रवाहाच्या मार्गात मध्यभागी छिद्र असलेली एक चकती बसविली की छिद्रातून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो आणि तेथील दाब कमी होतो. या चकतीला ऑरिफिस प्लेट म्हणतात. वेग आणि दाब यांच्यातील हा संबंध डॅनिएल बर्नूली यांनी १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. चकतीच्या अलीकडील व पलीकडील दाबांतील फरक मोजला की प्रवाहाचा अंदाज बांधता येतो.

हा संबंध सरळ प्रमाणाचा नाही, तो वर्गमूळाचा आहे. प्रवाह दुप्पट झाला तर दाबफरक चौपट होतो. याखेरीज घनतेचाही यात भाग असतो. दाबफरक तेवढाच असताना जड वायू हलक्या वायूपेक्षा हळू वाहतो. परंतु त्याच्या प्रत्येक घनमीटरचे वजन अधिक असते. या दोन्ही गोष्टींचा एकत्रित परिणाम पुढील सूत्रात येतो :

वस्तुमान प्रवाह = स्थिरांक × √(दाबफरक × घनता)

म्हणजे घनता १० टक्के चुकली तर वस्तुमान प्रवाह सुमारे ५ टक्के चुकतो. व्होर्टेक्स किंवा टर्बाइन प्रकारच्या मापकांत मात्र आकारमान मिळते, आणि वस्तुमान हे आकारमान व घनता यांच्या सरळ गुणाकाराने काढावे लागते. तेथे वर्गमूळ नसते आणि घनतेतील १० टक्के चूक पूर्ण १० टक्क्यांनी उतरते. कंट्रोलरमध्ये कोणते सूत्र निवडायचे हे नळीवर कोणते मापक आहे यावर ठरते, ही पहिली लक्षात ठेवण्याची बाब होय.

वायूची घनता थेट मोजणे अवघड असल्यामुळे ती दाब व तापमानावरून काढतात. साध्या दाबांना हवा, नायट्रोजन यांसारख्या वायूंची घनता निरपेक्ष दाबाच्या सम प्रमाणात आणि निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे वायूसाठी सूत्राचे रूप असे होते :

वस्तुमान प्रवाह = क × √(दाबफरक × निरपेक्ष दाब ÷ निरपेक्ष तापमान)

येथे 'क' हा त्या विशिष्ट चकतीचा आणि त्या विशिष्ट वायूचा स्थिरांक आहे.

स्थिरांक कसा ठरतो

ऑरिफिस प्लेट तयार होते तेव्हा तिच्यासोबत एक गणनापत्रक येते. आयएसओ ५१६७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केलेल्या या गणनेत नळीचा व्यास, छिद्राचा व्यास, वायूचा प्रकार, अभिकल्प दाब, अभिकल्प तापमान, कमाल दाबफरक आणि त्या दाबफरकाला मिळणारा कमाल प्रवाह नमूद असतो. कंट्रोलरचे कॉन्फिगरेशन करताना हा कागद हाताशी असणे आवश्यक आहे. तो नसेल तर कितीही महागडा कंट्रोलर असला तरी त्याला योग्य उत्तर देता येत नाही.

संपीडित हवेच्या एका नळीचे उदाहरण घेऊ. गणनापत्रकात कमाल दाबफरक २५ किलोपास्कल, अभिकल्प दाब ६ बार गेज, तापमान ३० अंश सेल्सिअस आणि कमाल प्रवाह ताशी १२०० किलोग्रॅम असे दिले आहे. गेज दाबात वातावरणाचा दाब, म्हणजे समुद्रसपाटीवर १.०१३ बार, मिळविला की निरपेक्ष दाब ७.०१३ बार होतो. तापमानात २७३.१५ मिळविले की ३०३.१५ केल्विन मिळतात. आता,

क = १२०० ÷ √(२५ × ७.०१३ ÷ ३०३.१५) = सुमारे १५७८

हा स्थिरांक एकदा काढला की पुढे प्रत्यक्ष परिस्थिती कशीही असो, सूत्र तेच राहते. समजा प्रत्यक्षात दाबफरक ९ किलोपास्कल, दाब ५ बार गेज आणि तापमान ४५ अंश आहे. निरपेक्ष दाब ६.०१३ बार आणि तापमान ३१८.१५ केल्विन धरून गणना केली असता प्रवाह ताशी सुमारे ६५१ किलोग्रॅम येतो. दाब-तापमानाची दुरुस्ती केली नसती तर केवळ दाबफरकावरून हा आकडा ७२० दिसला असता. म्हणजे प्रत्यक्षात न गेलेली ६९ किलोग्रॅम हवा दर तासाला हिशेबात आली असती.

या सरळ सूत्राला एक मर्यादा आहे. चकतीचा प्रवाहगुणांक आणि वायूच्या प्रसरणासाठी द्यावा लागणारा गुणक हे दोन्ही प्रवाहानुसार थोडे बदलतात. सूत्र मात्र ते अभिकल्प स्थितीतील किमतीवर स्थिर धरते. रोजच्या नियंत्रणासाठी हे पुरेसे असते. विक्रीच्या मापनासाठी हे गुणकही सतत मोजणारा स्वतंत्र फ्लो कॉम्प्युटर वापरणे योग्य ठरते.

कंट्रोलरमधील कॉन्फिगरेशन

अनेक प्रक्रिया-नियंत्रकांत गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एकत्र करणारा तयार गणितीय विभाग असतो. त्यात प्रत्येक संकेताला एक गुणक आणि एक बेरीज-संख्या देण्याची सोय असते. कॉन्फिगरेशनचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो.

पहिली पायरी संकेतांची. तिन्ही ट्रान्समीटर बहुधा ४ ते २० मिलिअँपिअरचा विद्युत संकेत देतात. दाबफरक ० ते २५ किलोपास्कल, दाब ० ते १० बार गेज आणि तापमान ० ते १०० अंश अशा ट्रान्समीटरच्या कक्षा असतील, तर कंट्रोलरमध्येही त्याच कक्षा भराव्या लागतात. ट्रान्समीटर ० ते १०० अंशांचा आणि कंट्रोलरमध्ये ० ते २०० असे भरले तर सर्व गणित सुरुवातीलाच बिघडते.

दुसरी पायरी निरपेक्ष मूल्यांची. दाबाच्या संकेताला वातावरणाचा दाब आणि तापमानाच्या संकेताला २७३.१५ ही बेरीज-संख्या द्यावी लागते. दाब ट्रान्समीटर मुळातच निरपेक्ष दाब देणारा असेल तर दाबासाठी बेरीज-संख्या शून्य ठेवावी.

तिसरी पायरी स्थिरांकाची. वर काढल्याप्रमाणे 'क' भरावा. कंट्रोलर संकेतांची टक्केवारी वापरून गणना करीत असेल तर स्थिरांकाचे मूल्य वेगळे येते. म्हणून कंट्रोलर आत कोणती एकके वापरतो हे त्याच्या पुस्तिकेतून आधी निश्चित करणे गरजेचे आहे.

चौथी पायरी उत्तराच्या कक्षेची. प्रवाह ० ते १२०० किलोग्रॅम प्रतितास असा दाखवायचा असेल तर ही कक्षा, दशांशस्थळे आणि एकक ठरवून घ्यावे. अभिकल्प दाबापेक्षा प्रत्यक्ष दाब वाढण्याची शक्यता असेल तर वरची मर्यादा थोडी अधिक ठेवावी. अन्यथा खरा प्रवाह मर्यादेच्या वर गेला तरी आकडा तेथेच अडकून राहतो.

पाचवी पायरी बिघाडाची. दाबाचा ट्रान्समीटर बंद पडला तर कंट्रोलरने काय करावे हे आधीच ठरलेले असावे. संकेत शून्य धरला तर प्रवाहाचा आकडा एकदम कोसळतो आणि त्या आकड्यावर चालणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडू शकतो. अशा वेळी अभिकल्प दाबाचे मूल्य धरून गणना चालू ठेवणे आणि त्याच वेळी धोक्याची सूचना देणे ही सुरक्षित रीत होय.

नेहमी आढळणाऱ्या चुका

सर्वांत अधिक आढळणारी चूक दुहेरी वर्गमूळाची आहे. अनेक दाबफरक ट्रान्समीटरमध्ये वर्गमूळ काढण्याची सोय असते. ते ट्रान्समीटरमध्येही काढले आणि कंट्रोलरमध्येही काढले, तर वरच्या उदाहरणातील ६५१ ऐवजी सुमारे ८४० किलोग्रॅम दिसतात. याउलट दोन्ही ठिकाणी दाबफरकाचे वर्गमूळ राहून गेले तर सुमारे ३९० दिसतात. विशेष म्हणजे शून्याचे वर्गमूळ शून्य आणि एकाचे वर्गमूळ एकच असल्यामुळे ० आणि १०० टक्क्यांवर तपासले असता यांतील एकही चूक दिसत नाही.

दुसरी चूक सेल्सिअस आणि केल्विन यांच्या गोंधळाची. ३० आणि ४५ हे आकडे तसेच वापरले तर तापमान दीडपट झाल्यासारखे गणित होते. प्रत्यक्षात निरपेक्ष तापमान ५ टक्केच वाढलेले असते. या चुकीमुळे उत्तर सुमारे ५४४ येते, म्हणजे १६ टक्के कमी.

तिसरी चूक गेज दाब निरपेक्ष समजण्याची. वरील उदाहरणात तिच्यामुळे उत्तर सुमारे ६४२ येते. फरक दीड टक्क्याच्या आतला असल्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

याच्याशी जोडलेला एक स्थानिक मुद्दाही आहे. १.०१३ बार हा समुद्रसपाटीचा दाब गोव्याच्या किनाऱ्यावर योग्य आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने तेथील वातावरणाचा दाब साधारण ०.९३ बार भरतो. इंदूर सुमारे ५५० मीटरवर असल्याने तेथे तो ०.९५ बारच्या आसपास असतो. उच्च दाबाच्या नळीत या फरकाला महत्त्व नसते. परंतु ०.५ बार गेज इतक्या कमी दाबाच्या वायूसाठी बेळगावात १.०१३ भरल्यास प्रवाह सुमारे ३ टक्के अधिक दिसतो. पुस्तिकेतील उदाहरणाचा आकडा तसाच उतरवून घेण्यापूर्वी कारखाना कोठे आहे याचा विचार करणे त्यासाठीच आवश्यक ठरते.

चौथा गोंधळ एककांचा. वायूचा प्रवाह पुष्कळदा 'नॉर्मल घनमीटर' मध्ये सांगतात. ० अंश तापमान धरल्यास एक घनमीटर हवेचे वस्तुमान १.२९३ किलोग्रॅम होते, आणि १५ अंश धरल्यास १.२२५ किलोग्रॅम. दोन विभागांनी वेगवेगळे संदर्भ तापमान धरले तर दोघांचे आकडे ५ टक्क्यांनी जुळत नाहीत, आणि दोघांनाही आपलेच मापक बरोबर वाटते.

वाफेचे वेगळेपण

वाफेला वायूचे साधे सूत्र काटेकोरपणे लागू पडत नाही. संपृक्त वाफेत दाब आणि तापमान एकमेकांशी बांधलेले असतात. एक कळले की दुसरे ठरते. त्यामुळे तिच्या घनतेसाठी केवळ दाब मोजला तरी चालतो. अतितप्त वाफेसाठी मात्र दाब आणि तापमान दोन्ही लागतात. घनता वाफेच्या कोष्टकांवरून घेतात. १९९७ साली स्वीकारलेली आयएपीडब्ल्यूएस-आयएफ९७ ही सूत्रावली त्यासाठी प्रमाण मानली जाते. काही कंट्रोलरमध्ये ही कोष्टके अंतर्भूत असतात. नसतील तर कामाच्या दाबांच्या टप्प्यातील घनतेचे काही बिंदू भरून त्यांमधील मूल्ये काढण्याची सोय वापरतात.

परिणाम किती मोठा असतो हे उदाहरणाने स्पष्ट होईल. एका नळीची चकती ११ बार निरपेक्ष दाबाच्या संपृक्त वाफेसाठी बनविली असून कमाल प्रवाह ताशी १०,००० किलोग्रॅम आहे. या दाबाला वाफेची घनता प्रति घनमीटर ५.६३ किलोग्रॅम असते. प्रत्यक्षात वाफ ९ बारवर चालली तर घनता ४.६५ होते. दाबफरक कमाल मूल्याच्या ६४ टक्के असेल तर दुरुस्तीविना मापक ८,००० दाखवील. खरा प्रवाह मात्र सुमारे ७,२७० असेल. ताशी ७३० किलोग्रॅमचा हा फरक चोवीस तासांत साडेसतरा टनांवर जातो. वाफ घेणाऱ्या विभागाच्या नावे हा बोजा पडतो, आणि बॉयलरची कार्यक्षमता मात्र कागदावर आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

वाफेत पाण्याचे थेंब मिसळलेले असतील तर दाब व तापमान त्याची खबर देत नाहीत. कंट्रोलर ती कोरडी वाफ समजूनच गणना करतो. त्यामुळे मापकापूर्वी पाणी वेगळे करण्याची व्यवस्था असणे हा गणनेच्या अचूकतेचाच भाग मानला पाहिजे.

कमी प्रवाह, चढउतार आणि एकूण बेरीज

वर्गमूळामुळे कमी प्रवाहात एक विशेष अडचण निर्माण होते. दाबफरक कमाल मूल्याच्या १ टक्का असला तरी प्रवाह १० टक्के दिसतो. ट्रान्समीटरचा शून्यबिंदू केवळ ०.१ टक्का सरकला तरी बंद नळीत ३ टक्क्यांहून अधिक प्रवाह दिसू लागतो, आणि टोटलायझर रात्रभर न गेलेल्या वाफेची बेरीज करीत बसतो. म्हणून एका ठरावीक मर्यादेखाली प्रवाह शून्य धरण्याची व्यवस्था कॉन्फिगरेशनमध्ये करतात. ही मर्यादा फार मोठी ठेवल्यास खरा कमी प्रवाह बुडतो, याचेही भान ठेवावे लागते.

पिस्टनच्या कॉम्प्रेसरजवळ दाबफरक सतत वरखाली होतो. अशा संकेताची आधी सरासरी काढून मग वर्गमूळ घेतल्यास उत्तर जास्त येते. दाबफरक ४ आणि १६ यांच्यात आलटून पालटून होत असेल तर वर्गमूळे २ आणि ४, त्यांची सरासरी ३. परंतु आधी सरासरी काढली तर ती १० येते आणि तिचे वर्गमूळ ३.१६ भरते. चकती अशा ठिकाणापासून दूर बसविणे हाच यावरील खरा उपाय होय.

टोटलायझरमध्ये काळाचे एकक तपासावे. प्रवाह प्रतितास असताना बेरीज प्रतिसेकंद धरली तर उत्तर ३६०० पटींनी चुकते. ही चूक लगेच दिसते. परंतु प्रतिमिनिट धरल्याने झालेली ६० पटींची चूक कधी कधी चुकीच्या दशांशचिन्हाच्या आड लपते.

पडताळणी

कॉन्फिगरेशन पूर्ण झाल्यावर नळीत प्रवाह नसताना, कृत्रिम विद्युत संकेत देऊन पडताळणी करता येते. वरील हवेच्या उदाहरणासाठी तीन बिंदू पुरेसे आहेत.

पहिला बिंदू अभिकल्पाचा : दाबफरकाला २०, दाबाला १३.६ आणि तापमानाला ८.८ मिलिअँपिअर द्यावेत. प्रवाह १२०० दिसला पाहिजे. दुसरा बिंदू वर्गमूळाचा : बाकी तसेच ठेवून दाबफरक ८ मिलिअँपिअर करावा, प्रवाह बरोबर निम्मा, म्हणजे ६०० यावा. तिसरा बिंदू दुरुस्तीचा : दाबफरकाला ९.७६, दाबाला १२ आणि तापमानाला ११.२ मिलिअँपिअर द्यावेत. प्रवाह ६५१ च्या जवळ यावा.

कंट्रोलरमधील वर्गमूळाची चूक दुसऱ्या बिंदूवर उघड होते. सेल्सिअसची आणि गेज दाबाची चूक तिसऱ्या बिंदूवर दिसते; गेज दाबाच्या चुकीत फरक केवळ ९ किलोग्रॅमचा असल्याने तो 'जवळपास बरोबर' म्हणून सोडून देता कामा नये. ट्रान्समीटरमधील वर्गमूळ मात्र या चाचणीत दिसत नाही, कारण संकेत कृत्रिम असतो. त्यासाठी ट्रान्समीटरला प्रत्यक्ष ६.२५ किलोपास्कल दाबफरक देऊन त्याचा संकेत ८ मिलिअँपिअर येतो की १२, हे पाहावे. १२ आल्यास वर्गमूळ तेथेच निघाले आहे असे समजावे.

समारोप

प्रक्रिया-नियंत्रक दिलेल्या आकड्यांवर दिलेले गणित बिनचूक करतो. ते आकडे खरे आहेत की नाहीत हे त्याला ठरविता येत नाही. वस्तुमान प्रवाहाच्या आकड्याची विश्वासार्हता चकतीच्या गणनापत्रकाशी कंट्रोलरमधील नोंदी जुळतात किंवा नाही, यावर अवलंबून असते. चकती बदलली, दाबाची पातळी बदलली किंवा ट्रान्समीटर नवा बसविला, तर जुना स्थिरांक तसाच ठेवणे योग्य नाही. म्हणून स्थिरांक, बेरीज-संख्या, कक्षा, वर्गमूळ कोठे काढले आहे याची नोंद आणि पडताळणीचे तीन बिंदू एका कागदावर लिहून तो कंट्रोलरजवळ ठेवावा.

यासाठी लागणारे गणित शालेय पातळीवरील वर्गमूळ, प्रमाण आणि वायूचे नियम यांपलीकडचे नाही. पदविका आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकात केवळ बटणांचा क्रम न शिकविता ही गणना एकदा हाताने करावयास लावली, तर पडद्यावरील आकड्याला प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागेल. दररोज साडेसतरा टनांची चूक लहान आकड्यांतून कशी वाढत जाते, हेही त्यातूनच त्यांच्या लक्षात येईल.